अँटीव्हायरस आणि डेस्कटॉपवरील ईमेल प्रोग्राम: सुसंगतता चाचणीच्या नोंदी

३ फेब्रुवारी

लेखा विभागातील मॅडमनी आज दुपारी थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम उघडला, तेव्हा त्यांचा इनबॉक्स रिकामा होता. पाठवलेल्या पत्रांचे फोल्डर आणि बाकीची फोल्डरे जागच्या जागी होती, पण इनबॉक्समध्ये एकही पत्र नव्हते. त्यांचे खाते पॉप पद्धतीचे, म्हणजे पत्रे सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणारे, असून पत्रे सर्व्हरवर फक्त १४ दिवस ठेवण्याची सेटिंग आहे. म्हणजे गेल्या काही वर्षांचा पत्रव्यवहार त्या एका संगणकाखेरीज कुठेही नव्हता. घाबरून आपण प्रोग्राम चार-पाच वेळा बंद करून पुन्हा उघडला, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. ते सांगितले हे फार बरे झाले, कारण पुढची सारी दुरुस्ती त्या माहितीवरच अवलंबून होती.

अँटीव्हायरसच्या नोंदवहीत १२ वाजून ४० मिनिटांनी एक धोका आढळल्याची आणि एक फाईल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाईली बंदिस्त ठेवण्याच्या जागी, हलवल्याची नोंद सापडली. त्या फाईलचे नाव 'इनबॉक्स' होते. एका पत्राच्या अटॅचमेंटमध्ये त्याला संशयास्पद मजकूर दिसला आणि ज्या फाईलमध्ये तो दिसला ती फाईल त्याने नेहमीच्या रीतीने उचलून बाजूला ठेवली. थंडरबर्ड मुळात एका फोल्डरची सर्व पत्रे एमबॉक्स प्रकारच्या एकाच फाईलमध्ये, एकाखाली एक अशी लिहून ठेवते, त्यामुळे एका पत्राबरोबर हजारो पत्रे गेली.

दुरुस्ती या क्रमाने केली. आधी नेटवर्कची वायर काढली, म्हणजे नवीन पत्रे येणे थांबले. प्रोग्राम पुन्हा पुन्हा उघडल्यामुळे त्याने तोवर एक नवी, रिकामी इनबॉक्स फाईल तयार केली होती. क्वारंटाइनमधील फाईल त्याच नावाने परत आणली असती तर दोन्हींचा गोंधळ झाला असता, म्हणून नव्या फाईलचे नाव आधी बदलले. मग पत्रांचे फोल्डर तात्पुरते स्कॅनमधून वगळले, नाहीतर परत आणलेली फाईल त्याच क्षणी पुन्हा उचलली गेली असती. फाईल परत आणल्यावर तिची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, फोल्डरमधील पत्रांच्या सूचीची जुनी फाईल काढून टाकली आणि प्रोग्राम उघडला. सूची नव्याने बांधली जाईपर्यंत काही मिनिटे गेली आणि सारी पत्रे दिसू लागली. संशयित पत्र शोधून काढले, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढले, दोन्ही फोल्डरे कॉम्पॅक्ट केली, म्हणजे पुसलेली पत्रे फाईलमधूनही काढली, आणि त्यानंतरच वगळणूक रद्द केली.

मॅडम तोवर खुर्चीच्या मागे उभ्या होत्या, त्या शेवटपर्यंत बसल्या नाहीत. ही वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून उद्यापासून हे काम प्रकल्प म्हणून हाती घेत आहे.

५ फेब्रुवारी

कामाची व्याप्ती ठरवली. आमच्याकडे थंडरबर्ड आणि आउटलुक हे दोन ईमेल प्रोग्राम वापरात आहेत. वेगवेगळ्या वेळी खरेदी झाल्यामुळे अँटीव्हायरस मात्र तीन कंपन्यांचे आहेत. नोंदींत त्यांना अ, ब आणि क म्हणेन. विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा चौथा.

अँटीव्हायरसचा ईमेलशी संबंध कुठे कुठे येतो हे कागदावर मांडले तेव्हा चार जागा निघाल्या. पहिली जागा डिस्क, जिथे पत्रांच्या फाईली असतात. दुसरी नेटवर्क, जिथे प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्या मधोमध अँटीव्हायरस स्वतः उभा राहतो. तिसरी ईमेल प्रोग्रामच्या आत, ॲड-इन म्हणजे जोड-प्रोग्रामच्या रूपाने. चौथी अप्रत्यक्ष आहे: अँटीव्हायरस चालू व अद्ययावत आहे का, हे आउटलुक विंडोजला विचारते आणि त्यावरून स्वतःचे वागणे ठरवते. आजवर आलेल्या तक्रारी चाळल्या, तर प्रत्येक तक्रार या चारांपैकी एका जागी बसते. 'ईमेल चालत नाही' एवढ्याच शब्दांत आलेली तक्रारही कोणत्या जागेची आहे हे आधी ओळखले, तर निम्मे काम होते.

चाचणीसाठी आभासी यंत्रांवर विंडोज बसवले आणि प्रत्येकाची मूळ स्थिती साठवून ठेवली. एक अँटीव्हायरस काढून त्याच यंत्रावर दुसरा बसवायचा नाही, हा नियम स्वतःला घालून घेतला आहे. नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या अँटीव्हायरसचे नेटवर्क ड्रायव्हर मागे राहतात आणि मग दोष कोणाचा हे कळत नाही.

७ फेब्रुवारी

खरा व्हायरस वापरण्याचा प्रश्नच नव्हता. चाचणीसाठी आयकार या संस्थेची ठरलेली चाचणी-फाईल घेतली. ही अवघ्या ६८ बाइटची निरुपद्रवी फाईल आहे, जिला बहुतेक सर्व अँटीव्हायरस ठरवून व्हायरस म्हणून ओळखतात. तिच्या नियमात एक बारकावा असून तो आमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे: ती ६८ अक्षरे फाईलच्या अगदी सुरुवातीला असली तरच ती चाचणी-फाईल मानायची.

आता हीच फाईल पत्राला जोडली की काय होते ते पाहिले. पत्रात अटॅचमेंट जशीच्या तशी जात नाही, ती बेस६४ पद्धतीने अक्षरांत रूपांतरित होते. दर ३ बाइटची ४ अक्षरे होतात. ६८ बाइटची ९२ अक्षरे झाली. एका ओळीत ७६ अक्षरे बसतात, म्हणून पहिली ओळ ७६ अक्षरांची आणि दुसरी १६ अक्षरांची, शेवटी बरोबरीचे एक चिन्ह. एमबॉक्स फाईल साध्या संपादकात उघडून मी या दोन ओळी डोळ्यांनी पाहिल्या. त्यांत मूळ अक्षरांचा मागमूसही नाही. याचा अर्थ, जो अँटीव्हायरस इनबॉक्सच्या फाईलमध्ये हा 'व्हायरस' पकडतो, त्याला ती फाईल म्हणजे पत्रांची रांग आहे हे पक्के कळलेले असते. पत्रे कुठे सुरू होतात, अटॅचमेंट कुठली, ती उलगडायची कशी, हे सारे तो जाणतो. इतके जाणणाऱ्या प्रोग्रामने पुढे संपूर्ण फाईल उचलावी, हे मला तांत्रिक मर्यादेपेक्षा निष्काळजीपणाचे लक्षण वाटते.

आमच्या मुख्य सर्व्हरने चाचणीचे पत्र साहजिकच अडवले. म्हणून स्वतंत्र यंत्रावर, कोणतीही गाळणी नसलेला छोटा सर्व्हर चाचणीपुरता उभारला. त्याच यंत्रावर ईमेल प्रोग्राम ठेवला नाही, कारण संगणकाच्या अंतर्गत जोडण्या काही अँटीव्हायरस तपासतच नाहीत.

१० फेब्रुवारी

डिस्कवरील चाचणी. दोनशे साध्या पत्रांच्या मधोमध एक चाचणी-पत्र असलेला इनबॉक्स तयार केला आणि चारही यंत्रांवर पूर्ण स्कॅन चालवले.

अ ने अख्खी फाईल क्वारंटाइनमध्ये टाकली, म्हणजे मॅडमच्या संगणकावर घडले तेच. ब ने फक्त इशारा दिला, पत्राचा विषय दाखवला आणि फाईलला हात लावला नाही. क ने फाईल 'स्वच्छ' केली, आणि हे मला अ च्या वागण्याहून अधिक धोक्याचे वाटते. त्याने चाचणी-पत्रातील अटॅचमेंटचा भाग कापून काढला. थंडरबर्डकडे प्रत्येक फोल्डरची एक वेगळी सूची असते आणि कोणते पत्र फाईलमध्ये कितव्या बाइटपासून सुरू होते हे तीत लिहिलेले असते. मधला तुकडा कापला की त्यानंतरच्या प्रत्येक पत्राची जागा सरकते. प्रोग्राम बंद असताना हे घडले, तर पुढच्या वेळी आकार जुळत नाही हे थंडरबर्डच्या लक्षात येते आणि सूची पुन्हा बांधली जाते. यात फक्त रकान्यांची मांडणी जाते. मात्र प्रोग्राम चालू असताना तुकडा कापला गेला तेव्हा एका पत्रावर क्लिक केल्यावर दुसऱ्याच पत्राचा अर्धा मजकूर समोर आला. त्या स्थितीत कुणी पत्रे हलवू किंवा पुसू लागले तर नुकसान वाढतच जाईल.

डिफेंडरमध्ये ईमेल फाईलींच्या आतले स्कॅन मुळातच बंद असते, त्यामुळे त्याने काहीच केले नाही.

आणखी एक गोष्ट पडताळली. चाचणी-पत्र पुसले, कचराही रिकामा केला, तरी ब पुन्हा इशारा देतच राहिला. थंडरबर्डमध्ये पुसलेले पत्र फाईलमधून लगेच जात नाही. त्यावर केवळ पुसल्याची खूण होते आणि फोल्डर कॉम्पॅक्ट केल्यावरच ते खऱ्या अर्थाने निघते. 'मी ते पत्र कधीच काढून टाकले, तरी अँटीव्हायरस ओरडतो' या तक्रारीचे उत्तर हेच आहे.

११ फेब्रुवारी

थंडरबर्डच्या गोपनीयता आणि सुरक्षा या विभागात, येणारी पत्रे एकेक करून क्वारंटाइनमध्ये टाकण्याची मुभा अँटीव्हायरसला देणारी एक खूण आहे. ती केली की प्रत्येक पत्र आधी तात्पुरत्या स्वतंत्र फाईलमध्ये उतरते आणि ते तिथे टिकले तरच इनबॉक्सच्या फाईलला जोडले जाते. अ सोबत हे नेमके चालले: चाचणी-पत्राची तात्पुरती फाईल उचलली गेली आणि 'या पत्रात व्हायरस असू शकतो किंवा डिस्कवर जागा कमी असू शकते, हे पत्र सोडून पुढे जायचे का' अशा अर्थाची विचारणा आली. बाकीच्या पत्रांना धक्का लागला नाही.

मर्यादा दोन आहेत. ही सोय पॉप खात्यांपुरती उपयोगाची आहे, पत्रे सर्व्हरवरच ठेवणाऱ्या आयमॅप पद्धतीला तिचा लाभ नाही. आणि आज निर्धोक वाटलेले पत्र पुढच्या आठवड्यात नवी ओळख-यादी आल्यावर धोक्याचे ठरले, तर ते तोवर मोठ्या फाईलमध्ये जाऊन बसलेले असते. प्रत्येक पत्र वेगळ्या फाईलमध्ये ठेवण्याची मेलडिर नावाची पद्धत थंडरबर्डमध्ये उपलब्ध आहे, पण ती अजून मुळातली निवड नाही आणि जुने साठे तिच्यात बदलून घेण्याचा धोका मी पत्करणार नाही.

१२ फेब्रुवारी

कॉम्पॅक्ट करताना थंडरबर्ड टिकवायची पत्रे एका तात्पुरत्या फाईलमध्ये लिहिते आणि शेवटी जुन्या फाईलच्या जागी ती ठेवते. या अदलाबदलीच्या क्षणी स्कॅन करणाऱ्याने दोहोंपैकी एक फाईल धरून ठेवली, तर अदलाबदल फसते. मोठ्या फोल्डरवर क सोबत दोनदा असे झाले आणि अर्धवट तात्पुरती फाईल मागे राहून फोल्डरांच्या यादीत अनोळखी नावाने दिसू लागली. मूळ पत्रे दोन्ही वेळा सुरक्षित होती.

१४ फेब्रुवारी

नेटवर्ककडे वळलो. इथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

पूर्वी ईमेल उघड्या मजकुरात येत-जात असे: पॉपसाठी पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) ११०, आयमॅपसाठी १४३, पाठवण्यासाठी २५. त्या काळी अँटीव्हायरसने वाटेत उभे राहून पत्र वाचणे सोपे होते. आता जोडणी टीएलएस या सुरक्षा-पद्धतीने सांकेतिक केलेली असते. पॉप ९९५ वर, आयमॅप ९९३ वर आणि पाठवणे ४६५ किंवा ५८७ वर चालते. वाटेत बसलेल्याला आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि दिसू नये हाच टीएलएसचा हेतू आहे. म्हणून अँटीव्हायरस जोडणीचे दोन तुकडे करतो: सर्व्हरशी स्वतः बोलतो आणि ईमेल प्रोग्रामपुढे सर्व्हर म्हणून उभा राहतो. त्यासाठी त्याला सर्व्हरच्या नावाचे प्रमाणपत्र, म्हणजे ओळख पटवणारा डिजिटल दाखला, लागते, ते तो जागच्या जागी तयार करतो आणि स्वतःच्या मूळ प्रमाणपत्राने त्यावर सही करतो.

हे मूळ प्रमाणपत्र तो विंडोजच्या कोठारात टाकतो. आउटलुक विंडोजचे कोठार पाहते, त्यामुळे त्याला सारे ठीक दिसते. थंडरबर्ड स्वतःचे वेगळे कोठार बाळगते. विंडोजमधील अशी प्रमाणपत्रे मान्य करायची की नाही हे तिथे एका प्रगत सेटिंगवर ठरते. आमच्या चाचणीत ती सेटिंग बंद ठेवून ब बसवला आणि थंडरबर्डने प्रमाणपत्र देणारा अनोळखी असल्याचे सांगून जोडणी नाकारली. प्रमाणपत्र उघडून पाहिले: वर सर्व्हरचे नाव बरोबर, मुदत बरोबर, पण 'देणारा' या ओळीत प्रमाणपत्र-संस्थेऐवजी अँटीव्हायरसचे नाव. या प्रकारच्या कोणत्याही तक्रारीत ही एक ओळ आधी वाचावी.

त्या इशाऱ्याच्या खिडकीत अपवाद मान्य करण्याचे बटण असते, आणि बहुतेक जण तेच दाबतात. त्यांना दोष देता येत नाही, कारण पत्रे हवी असतात आणि दुसरा मार्ग कुणी सांगितलेला नसतो. पण आज अँटीव्हायरससाठी दाबलेले बटण उद्या खरोखरच मध्ये कुणी बसला असतानाही हाताच्या सवयीने दाबले जाईल. ही सवय लावणारी रचना आमच्याकडे ठेवायची नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

१७ फेब्रुवारी

मागच्या नोंदीतील रचनेत खऱ्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याची जबाबदारी ईमेल प्रोग्रामकडून अँटीव्हायरसकडे जाते. ती तो पार पाडतो का, हे पाहण्यासाठी चाचणी-सर्व्हरवर मुद्दाम मुदत संपलेले प्रमाणपत्र लावले. अ ने जोडणी तोडली, हे योग्यच झाले. ब ने मात्र ते खपवून घेतले आणि पुढे थंडरबर्डला स्वतःच्या सहीचे ताजे, मुदतीतले प्रमाणपत्र दाखवले. ज्या इशाऱ्याची वापरणाऱ्याला गरज होती तो इशारा वाटेतच नाहीसा झाला. सुरक्षेसाठी बसवलेल्या वस्तूने हे करावे याचे मला फार वाईट वाटले. ही नोंद ब च्या कंपनीला पुराव्यासह कळवली आहे.

पोर्ट १४३ वर आणखी एक प्रकार तपासला. तिथे जोडणी उघडी सुरू होते आणि सर्व्हरने स्टार्टटीएलएसची तयारी दाखवल्यावर ती सांकेतिक होते. वाटेतल्याने ती तयारी सांगणारा शब्दच गाळला, तर प्रोग्रामला वाटते की सर्व्हरला हे जमत नाही. थंडरबर्डमध्ये पूर्वी 'जमल्यास टीएलएस' असा पर्याय होता, तो याच कारणाने काढला गेला. आता स्टार्टटीएलएस निवडले आणि ते मिळाले नाही तर जोडणी थांबते. क ने नेमका हा शब्द गाळला आणि जोडणी थांबली. सुरुवातीपासूनच सांकेतिक असलेली जोडणी वापरावी, अशी शिफारस २०१८ च्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात आहे. आमची सर्व खाती ९९३, ९९५ आणि ४६५ या पोर्टांवर नेण्याचे ठरवले.

१९ फेब्रुवारी

दोन किरकोळ वाटणाऱ्या, पण लोकांना रोज छळणाऱ्या गोष्टी.

आयमॅपवर मोठे पत्र थंडरबर्ड तुकड्या-तुकड्यांनी मागवते. मध्ये बसलेल्या अँटीव्हायरसला संपूर्ण पत्र हाती आल्याशिवाय निकाल देता येत नाही, त्यामुळे त्याचा आणि या पद्धतीचा मेळ बसत नाही. क सोबत मोठ्या पीडीएफ अटॅचमेंट अपुऱ्या उतरल्या आणि फाईल खराब असल्याचा संदेश आला. तुकड्यांनी मागवणे प्रगत सेटिंगमधून बंद केले की अटॅचमेंट पूर्ण उतरते. हा इलाज खरा. पण मूळ दोष तसाच ठेवून त्याच्याभोवती वाट काढण्यासारखा आहे.

पाठवताना उलट घडते. १५ एमबीची फाईल बेस६४ मध्ये सुमारे २० एमबी होते. अँटीव्हायरस हे सगळे आधी स्वतः घेतो, मग तपासतो, मग सर्व्हरकडे पाठवतो. प्रोग्रामची प्रगतीपट्टी झटकन शेवटाला पोहोचते आणि तिथेच थबकते. थंडरबर्ड मुळात १०० सेकंद उत्तराची वाट पाहते. तेवढ्यात होकार आला नाही की पत्र गेले नाही असे सांगते. प्रत्यक्षात अँटीव्हायरस ते पत्र थोड्या वेळाने पाठवून मोकळा होतो. माणूस पुन्हा 'पाठवा' दाबतो आणि समोरच्याला एकच पत्र दोनदा, कधी तीनदा जाते. विक्री विभागाला ग्राहकांकडून ऐकाव्या लागलेल्या बोलण्याचे मूळ इथे आहे, हे त्यांना आज समजावून सांगितले. चूक त्यांची नव्हती.

२१ फेब्रुवारी

आउटलुक. इथे साठा पीएसटी किंवा ओएसटी फाईलमध्ये असतो आणि तिची अंतर्गत रचना एमबॉक्सपेक्षा खूप गुंतागुंतीची आहे. म्हणून बाहेरच्या प्रोग्रामने तिच्यात कापाकापी करणे अधिकच घातक. या फाईली थेट स्कॅन करू नयेत, अशी मायक्रोसॉफ्टची स्वतःची सूचना आहे. डिफेंडरला जुन्या प्रकारच्या पीएसटीत धोका दिसला तरी तो तिथून काढता येत नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. पीएसटी २ जीबीच्या मर्यादेत अडकण्याचे दिवस गेले. आउटलुक २०१० पासून ही मर्यादा मुळात ५० जीबी आहे, आणि एवढी फाईल प्रत्येक बदलानंतर पुन्हा तपासायला घेतली की आउटलुक गोठल्यासारखे वागते.

अ आणि क आउटलुकमध्ये ॲड-इन बसवतात. आउटलुक २०१३ पासून प्रत्येक ॲड-इन सुरू व्हायला लागणारा वेळ मोजते आणि तो सलग पाच वेळांचा मध्य धरून एका सेकंदाहून अधिक भरला तर ॲड-इन बंद करते. क चे ॲड-इन असेच बंद झाले होते, तरी क च्या मुख्य खिडकीत 'ईमेल संरक्षण चालू' अशी हिरवी खूण होती. लोक त्या खुणेवर विश्वास ठेवतात, म्हणून ती खरी असली पाहिजे. नव्या आउटलुकमध्ये या जुन्या पद्धतीची ॲड-इन चालतच नाहीत, हेही पुढच्या खरेदीआधी ध्यानात घ्यावे लागेल.

चौथी जागाही आज उलगडली. लेखा विभागाचा बिले बनवणारा प्रोग्राम आउटलुकमधून पत्रे पाठवतो, आणि काही संगणकांवर प्रत्येक पत्रामागे 'दुसरा प्रोग्राम तुमच्या वतीने पत्र पाठवू पाहत आहे' असा इशारा येई. हा बंदोबस्त २००० साली 'आय लव्ह यू' नावाच्या वर्मने लोकांच्या पत्त्यांच्या वह्या वापरून उच्छाद मांडल्यानंतर आला. आउटलुक २००७ पासून, अँटीव्हायरस चालू आणि अद्ययावत असेल तर इशारा येत नाही. आउटलुकच्या ट्रस्ट सेंटर या सुरक्षा-सेटिंगच्या विभागात पाहिले, तर त्या संगणकांवर अँटीव्हायरसची स्थिती अवैध दाखवत होती, कारण ब ची मुदत संपली होती. मुदत वाढवताच इशारे थांबले. वर्षभर लोक 'होय, होय' दाबत होते.

२४ फेब्रुवारी

सहीच्या पत्रांची चाचणी. ब जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली 'हे पत्र तपासले आहे' अशी ओळ जोडतो. आमच्या दोन अधिकाऱ्यांची पत्रे एस-माइम पद्धतीने डिजिटल सही होऊन जातात. सही प्रोग्रामने केली, त्यानंतर वाटेत ब ने मजकुरात ओळ घातली, आणि पोहोचल्यावर 'पत्रात सहीनंतर बदल झाला आहे' असा इशारा आला. इशारा अक्षरशः खरा होता. ती ओळ जोडण्याची सेटिंग सर्वत्र बंद करायची. ती वाचून कुणाचेही संरक्षण होत नाही, कारण अशी ओळ कुणालाही टाइप करता येते.

२६ फेब्रुवारी

ईमेलचे स्कॅन बंद केले तर भगदाड पडते का, हा वरिष्ठांचा प्रश्न होता आणि तो योग्य होता. नेटवर्कवरील तपासणी आणि साठ्याच्या फाईलींची तपासणी बंद ठेवून, फक्त रिअल-टाइम संरक्षण चालू ठेवून चाचणी घेतली. चाचणी-पत्र इनबॉक्समध्ये आले. अटॅचमेंट थेट उघडली, डिस्कवर जतन केली, डेस्कटॉपवर ओढून टाकली. तिन्ही वेळा चारही अँटीव्हायरसनी ती अडवली. अटॅचमेंट चालवायची तर ती आधी उलगडून डिस्कवर फाईल म्हणून उतरावी लागते, आणि ती उतरताना किंवा उघडताना रिअल-टाइम संरक्षण तिथे हजर असते. बेस६४ च्या दोन ओळी म्हणून पडून असलेला व्हायरस स्वतःहून काही करू शकत नाही.

पासवर्ड लावलेली झिप फाईल नेटवर्कवरील तपासणीलाही वाचता आली नाही. उलगडल्यावर मात्र रिअल-टाइम संरक्षणाने पकडली. एंड-टू-एंड सांकेतिक पत्राचेही तेच.

काही गमावतो हेही लिहून ठेवतो. धोक्याचे पत्र इनबॉक्समध्ये दिसत राहते आणि कुणी ते न उघडता पुढे पाठवले, तर ते संरक्षण नसलेल्या संगणकावर पोहोचू शकते. फसवणुकीच्या दुव्यांवर अँटीव्हायरस लावत असलेली खूणही जाते. या दोन्हींसाठी सर्व्हरवरील गाळणी हीच योग्य जागा आहे. तिथे पत्र एकदाच, एकाच ठिकाणी आणि कुणाचा साठा न मोडता तपासले जाते.

२८ फेब्रुवारी

सेटिंग निश्चित केल्या. थंडरबर्डसाठी फक्त पत्रांच्या साठ्याची दोन फोल्डरे, एक पॉप व स्थानिक पत्रांचे आणि एक आयमॅपचे, स्कॅनमधून वगळायची. संपूर्ण प्रोफाइल (सेटिंग व पत्रांचे मुख्य फोल्डर) वगळायचे नाही, कारण ॲड-ऑन त्यातच असतात आणि त्यांच्यावर नजर हवी. आउटलुकसाठी पीएसटी आणि ओएसटी या फाईल-प्रकारांची वगळणूक. ईमेल प्रोग्रामच्या प्रक्रियेलाच वगळण्याचा सोपा पर्याय तिन्ही अँटीव्हायरस देतात, तो नाकारला: तसे केल्यास प्रोग्रामने डिस्कवर उतरवलेल्या अटॅचमेंटही त्या क्षणी तपासणीतून सुटतात. ईमेलसाठीची टीएलएस तपासणी बंद, पत्राखाली जोडली जाणारी ओळ बंद, ॲड-इन बंद. पॉप खात्यांवर एकेक पत्र तपासण्याची खूण चालू. वगळणूक न मानणाऱ्या आवृत्त्यांसाठी, धोका आढळल्यास आपोआप उचलण्याऐवजी विचारायचे, ही सेटिंगही बदलली.

वगळलेल्या साठ्याची भरपाई बॅकअपने करायची आहे. तो रोज रात्री, प्रोग्राम बंद असताना घेतला जाईल. मॅडमच्या संगणकावर तो आजच सुरू केला आणि एक जुने पत्र बॅकअपमधून परत आणून त्यांना दाखवले.

६ मार्च

पंधरा संगणकांवर नवी रचना बसवली. काल रात्री अ ची मोठी अद्ययावत आवृत्ती आली आणि आज सकाळी दोन संगणकांवर थंडरबर्डने पुन्हा अनोळखी प्रमाणपत्राचा इशारा दिला. 'देणारा' ची ओळ वाचली, अँटीव्हायरसचे नाव होते. आवृत्ती बदलताना टीएलएस तपासणी आपोआप चालू झाली होती. फोल्डरांची वगळणूक मात्र शाबूत होती, ती आधी पाहिली. सेटिंग पुन्हा बंद केली आणि पासवर्डने कुलूपबंद केली. दोघांपैकी एकानेही अपवादाचे बटण दाबले नव्हते. दोघांनीही खिडकी तशीच ठेवून फोन केला.

प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर तीन गोष्टी तपासायच्या, असे कामाच्या यादीत घातले: ९९३ वरील प्रमाणपत्राचा देणारा कोण आहे, वगळलेली फोल्डरे यादीत आहेत का, आणि चाचणी-फाईल जतन करताना रिअल-टाइम संरक्षण ती अडवते का. उरलेले संगणक सोमवारी.